ऑपेरा गाणारी माणसे गाणे का शिकवतात?

नोव्हेंबर २०२२ मध्ये इंग्लंडच्या कला परिषदेने ‘इंग्लिश नॅशनल ऑपेरा’ या लंडनमधील नामवंत संस्थेचे नियमित अनुदान बंद करण्याचा निर्णय जाहीर केला आणि पुढे पैसे हवे असतील तर लंडनमधून बस्तान हलवावे लागेल, असे तिला कळवले. तेव्हापासून ऑपेरा गायकांच्या पोटापाण्याचा प्रश्न तिकडच्या वर्तमानपत्रांत वारंवार येतो आहे. या बातम्या वाचताना आपल्याकडचा वाचक एका गोष्टीने बुचकळ्यात पडतो. एखाद्या गायिकेची ओळख करून देताना तिने कोणत्या रंगमंचावर कोणत्या भूमिका केल्या ते सांगितले जाते आणि त्याच दमात ती अमुक संगीत महाविद्यालयात गायन शिकवते, असेही लिहिलेले असते. गाणे जोरात चालले असेल तर शिकवायला वेळ कुठून मिळतो, आणि चालले नसेल तर विद्यार्थ्यांनी तिच्याकडे का जावे?

ऑपेरा गायिका पॅट्रिशिया रोझारिओ यांचे उदाहरण आपल्याला जवळचे आहे. गोमंतकीय कुटुंबातल्या रोझारिओ १९६० साली मुंबईत जन्मल्या आणि लंडनच्या गिल्डहॉल संगीत विद्यालयात शिकल्या. जॉन टॅव्हनर या संगीतकाराने त्यांचा आवाज मनात धरून अनेक रचना केल्या. १९९२ च्या ऑल्डबरा महोत्सवात टॅव्हनर यांचा ‘मेरी ऑफ ईजिप्त’ हा ऑपेरा प्रथम सादर झाला, तेव्हा त्यातली नायिका रोझारिओ यांनी गायली. याच रोझारिओ लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये गायन शिकवतात आणि भारतात येऊन इथल्या तरुण गळ्यांवरही मेहनत घेतात. गाणे आणि शिकवणे हे त्यांच्यासारख्यांच्या बाबतीत दोन वेगळे धंदे नसून एकाच व्यवसायाची दोन अंगे आहेत. ती तशी का आहेत, हे समजण्यासाठी ऑपेरा गायकाचे काम मुळात काय असते तिथून सुरुवात करावी लागते.

आपला ‘सा’ आपण निवडायचा नाही

ऑपेरा म्हणजे वाद्यवृंदाच्या साथीने, बहुतेक सगळे संवाद गाऊनच सादर होणारे नाटक. मराठी वाचकाला संगीत नाटक चटकन आठवेल आणि ते योग्यच आहे, पण दोन फरक ध्यानात ठेवायला हवेत. आपल्या नाटकात गद्य संवाद संपला की पद येते आणि पदात नट आपल्या तयारीप्रमाणे, प्रेक्षकांच्या ‘वन्स मोअर’प्रमाणे विस्तार करू शकतो. ऑपेरात प्रत्येक स्वर, त्याची लांबी आणि त्याखाली वाजणारे प्रत्येक वाद्य संगीतकाराने आधीच कागदावर लिहून ठेवलेले असते.

दुसरा फरक पट्टीचा आहे, आणि तो अधिक मोठा आहे. हिंदुस्थानी संगीतात गायक आपल्या गळ्याला मानवेल तो ‘सा’ धरतो. कोणी काळी एकमध्ये गातो, कोणी काळी चारमध्ये, आणि वय वाढले की पट्टी अर्धा स्वर उतरवण्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. ऑपेरात ही मुभा जवळपास नाही. इटालियन संगीतकार रोसिनीने १८१६ साली ‘बार्बर ऑफ सेव्हिल’ हा ऑपेरा लिहिताना जो स्वर ज्या उंचीवर लिहिला, तो आजच्या गायकालाही त्याच उंचीवर गावा लागतो. एखादे गीत अर्धा स्वर खाली उतरवून गायल्याची उदाहरणे आहेत, पण तो अपवाद. एखाद्या भूमिकेची मांडणी तुमच्या गळ्याच्या सुखाच्या टप्प्याबाहेर असेल, तर ती भूमिका तुमची नव्हे.

म्हणूनच तिथे आवाजांची वर्गवारी इतकी काटेकोर असते. स्त्रियांचा उंच आवाज तो सोप्रानो, मधला मेझो. पुरुषांचा उंच आवाज टेनर, मधला बॅरिटोन, खालचा बास. जर्मनीत या प्रत्येकाचे आणखी पोटभेद करतात: हलका, भावपूर्ण, भारदस्त, तानांना चपळ. या पोटभेदाला ‘फाख’ म्हणतात आणि तो गायकाच्या करारात लिहिलेला असतो. सोप्रानोचा वरचा ‘सी’ हा स्वर लागतो तेव्हा तिच्या स्वरतंतूंची उघडझाप सेकंदाला हजाराहून जास्त वेळा होते. स्त्रियांचे स्वरतंतू लांबीला दीड सेंटिमीटरच्या आतबाहेर असतात. त्यांच्यावर किती नेमका ताबा हवा, याचा यावरून अंदाज यावा.

मायक्रोफोन लावला तर काय बिघडते?

हा प्रश्न हमखास येतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या प्रेक्षागृहात सुमारे ३,८०० माणसे बसतात आणि मंचासमोरच्या खड्ड्यात सत्तर-ऐंशी वादक वाजवत असतात. तिथे एका माणसाचा उघडा आवाज शेवटच्या रांगेत पोचतो, तो जोरामुळे नव्हे. नुसता जोर लावून ऐंशी वाद्यांवर मात करणे कोणाला जमणार नाही.

स्वीडनचे ध्वनिशास्त्रज्ञ योहान सुंडबर्ग यांनी याचा उलगडा केला. वाद्यवृंदाची सर्वाधिक ध्वनिशक्ती साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास एकवटलेली असते. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपने. त्याच्या वर, ३,००० हर्ट्झच्या परिसरात, वाद्यवृंद बराच क्षीण असतो. तयार झालेला ऑपेरा गायक, विशेषतः पुरुष गायक, स्वरयंत्राच्या वरची पोकळी अशी जुळवतो की त्याच्या आवाजातील शक्तीचा एक ठळक पुंजका नेमका या मोकळ्या जागेत येतो, आणि माणसाचा कानही तिथेच सर्वांत तीक्ष्ण असतो. गर्दीच्या वेळी दादरच्या फलाटावर गाड्यांचा आणि माणसांचा घोंघाट कितीही असला तरी पोलिसाची शिट्टी वेगळी ऐकू येते, ती घोंघाटापेक्षा मोठी असते म्हणून नव्हे, तर घोंघाट जिथे नाही तिथे ती वाजते म्हणून. गायकाच्या आवाजाचेही तसेच.

सोप्रानोचे तंत्र उंच स्वरांत थोडे निराळे असते. तिथे ती तोंड अधिक उघडून मुखपोकळीचा अनुनाद थेट त्या स्वराशी जुळवते. याची किंमत शब्दांना मोजावी लागते, कारण तोंडाचा आकार स्वरासाठी बदलला की आ, ए, ई हे एकमेकांसारखे ऐकू येऊ लागतात. ‘सोप्रानोचे शब्द कळत नाहीत’ ही प्रेक्षकांची तक्रार म्हणजे गायिकेचा आळस नव्हे. ती ध्वनिशास्त्राची मर्यादा आहे. मायक्रोफोन लावता येईल, काही संगीतिकांत लावतातही, पण मग ज्या कौशल्यासाठी आठ-दहा वर्षे घातली ते कौशल्यच अनावश्यक ठरते आणि ऑपेरा हा प्रकार दुसराच काहीतरी होऊन बसतो.

वाद्य शरीरात असते, म्हणून कान बाहेर लागतो

आता मूळ मुद्द्याकडे येतो. व्हायोलिन वाजवणारा आपले वाद्य पाहू शकतो, बोट कुठे पडले ते बघू शकतो. गायकाचे वाद्य त्याच्या गळ्यात आहे आणि ते त्याला दिसत नाही. त्याहून अडचणीची गोष्ट अशी की ते त्याला खरे ऐकूही येत नाही, कारण आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो तसाच कवटीच्या हाडांतूनही येतो, आणि हाडांतून येणारा भाग आवाज आहे त्यापेक्षा भरदार भासवतो. ध्वनिमुद्रणात स्वतःचा आवाज ऐकून बहुतेकांना तो परका वाटतो, त्याचे एक मोठे कारण हेच. स्वतःला भरघोस वाटणारा आवाज सभागृहात जाडाभरडा आणि घुसमटलेला पोचतो, आणि स्वतःला चिरका वाटणारा आवाज पंधराव्या रांगेत स्वच्छ झळाळतो. त्यामुळे नावाजलेला गायकही वर्षानुवर्षे कोणाला तरी गाऊन दाखवत राहतो. तिथे शिक्षकाची गरज शिक्षण संपल्यावर संपत नाही.

या व्यवसायाला शास्त्राचा पाया मिळाला तो मानुएल गार्सिया यांच्यामुळे. त्यांचे वडील, त्याच नावाचे, नामांकित टेनर होते. रोसिनीच्या १८१६ च्या ‘बार्बर’मधला पहिला अल्माव्हिवा, म्हणजे त्यातला नायक, तेच. १८२५ साली हे कुटुंब मंडळी घेऊन न्यूयॉर्कला गेले, तेव्हा विशीतल्या मुलाने त्याच ऑपेरातल्या न्हाव्याची, फिगारोची, भूमिका केली. धाकट्या गार्सियांची रंगमंचावरची कारकीर्द थोडक्यात आटोपली आणि ते शिकवण्याकडे वळले, आधी पॅरिसला, मग लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये. गाताना आत काय होते हे पाहण्याची त्यांना ओढ लागली होती. १८५४ मध्ये त्यांनी दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरून, दुसऱ्या आरशाने सूर्यप्रकाश आत पाडून, गात असताना स्वतःचेच स्वरतंतू पाहिले, आणि पुढच्या वर्षी ती निरीक्षणे लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली. आज कान-नाक-घसा तज्ज्ञ जी स्वरयंत्राची तपासणी करतात, तिच्या इतिहासात या गायनशिक्षकाचे नाव मानाने घेतले जाते. १९०६ साली, वयाच्या एकशे एकाव्या वर्षी, ते वारले.

स्वीडनची गायिका जेनी लिंड १८४१ मध्ये गार्सियांकडे आली, तेव्हा ती जेमतेम वीस वर्षांची होती आणि अतिरेकी गाण्याने तिचा गळा बसला होता. तुमच्यात शिकवण्याजोगा आवाज उरलेलाच नाही, असे त्यांनी तिला तोंडावर सांगितले आणि काही आठवडे गाणे पूर्ण बंद ठेवायला लावले. त्यानंतर जवळपास दहा महिने त्यांनी तिला पुन्हा पहिल्यापासून बसवले. ती परत गेली आणि पुढे युरोप-अमेरिकेत तिने जे नाव कमावले ते सर्वज्ञात आहे. सतत गाऊन गळा गेल्यावर नव्याने गायकी उभी करणारे अल्लादिया खाँ ज्यांना माहीत आहेत, त्या मराठी वाचकाला या हकिकतीतली वेदना वेगळी सांगायला नको. दोन्हींत फरक एवढाच की लिंडच्या बाबतीत ऐकणारा दुसरा कान समोर होता. १८८३ मध्ये लंडनला रॉयल कॉलेज ऑफ म्युझिक सुरू झाले तेव्हा तिथे गायन शिकवायला याच जेनी लिंड प्राध्यापक म्हणून आल्या. रोझारिओ शिकवतात ते हेच कॉलेज.

तासाला नेमके काय होते

समजा, बावीस वर्षांचा एक टेनर आठवड्याच्या तासाला आला आहे. बहुतेक महाविद्यालयांत हा तास एकास एक असतो; गायन घोळक्यात शिकवता येत नाही. सुरुवात ओठ फुरफुरवत पाच स्वरांच्या चढ-उताराने होते, मग ‘आ’वर तेच. पियानोवर शिक्षक दर खेपेला अर्धा स्वर वर चढतो. मधल्या ‘ई’-‘एफ’पर्यंत गाणे सुखाने चालते आणि तिथे अचानक हनुवटी पुढे येते, मानेची शीर तटतटते, आवाज ओरडल्यासारखा होतो. पुरुष आवाजात या ठिकाणी गळ्याची एक चाल संपून दुसरी सुरू होते. इटालियन लोक त्याला ‘पास्साज्जो’ म्हणतात, आपण सांधा म्हणू. मुलगा जोर वाढवून तो सांधा ओलांडू पाहतो. शिक्षक त्याला थांबवून उलटेच सांगतो: जोर कमी कर, ‘आ’ किंचित ‘ऑ’कडे झुकव, आणि श्वास घेताना फुललेल्या बरगड्या गाताना लगेच मिटू देऊ नकोस. मग विद्यार्थ्याच्या संमतीने त्याच्या खालच्या बरगड्यांवर हात ठेवून त्या कधी कोसळतात ते दाखवतो. दहाव्या-बाराव्या खेपेला स्वर सहज निसटतो आणि मुलगा गोंधळून म्हणतो, ‘हा तर बारीक वाटला.’ शिक्षक सांगतो की खोलीत तो दुप्पट मोठा होता.

सगळे शिक्षण या शेवटच्या देवघेवीत आहे. ऐकू येण्यावर विश्वास न ठेवता शरीरात काय जाणवले ते ओळखून ठेवायचे, हे मुलाला शिकायचे असते. आणि ते जाणवणे शब्दांत पकडून द्यायचे, हे शिक्षकाचे काम. ज्याने स्वतः रंगमंचावर, घामाने भिजलेल्या जड पोशाखात, धावत येऊन तो स्वर लावलेला आहे, त्याला यातले बरेच काही आपसूक ठाऊक असते.

इथे आणखी एका माणसाचा उल्लेख हवा. गळ्याचे तंत्र शिकवणारा शिक्षक वेगळा आणि भूमिका बसवून घेणारा ‘कोच’ वेगळा. कोच बहुधा उत्तम पियानोवादक असतो. इटालियन, जर्मन, फ्रेंच उच्चार, लय, परंपरेने चालत आलेल्या जागा हे तो पाहतो.

पैशाचे गणित

आता रोकडा प्रश्न. जर्मनीत सार्वजनिक अनुदानावर चालणारी सुमारे ऐंशी ऑपेरा गृहे आहेत आणि त्यांतल्या अनेकांत गायकांना मासिक पगारावर ठेवतात. अशा गायकाला एका हंगामात दहा-बारा भूमिकाही कराव्या लागू शकतात, पण आजारपणात पगार तुटत नाही. कराराचे नूतनीकरण मात्र दर वर्षाच्या हिशेबाने होते, आणि पंधरा वर्षे एकाच ठिकाणी काढलेल्याला काढता येत नाही असा नियम असल्याने त्या उंबरठ्यावर आलेल्यांना आधीच निरोप देण्याचे प्रकारही घडतात. कामगाराच्या हितासाठी केलेला नियम कामगारावरच उलटावा, हे मला फार खुपते.

जर्मन भाषक प्रदेशाबाहेरचे बहुतेक एकल गायक मुक्त व्यावसायिक आहेत. समजा, अशा गायिकेला एका निर्मितीसाठी सहा प्रयोगांचे बोलावणे आले. त्याआधी चार ते सहा आठवडे तालमी असतात. मानधन बहुतेक ठिकाणी प्रयोगागणिक ठरते; तालमींचे वेगळे पैसे मिळतात किंवा मिळतही नाहीत, मिळाले तरी ते जेमतेम खर्चापुरते असतात. परक्या शहरातील दोन महिन्यांचे घरभाडे अनेकदा तिच्याच खिशातून जाते. कामे मिळवून देणाऱ्या प्रतिनिधीचा वाटा दहा टक्के किंवा त्याहून जास्त असतो. आणि सर्दी होऊन दोन प्रयोग चुकले, तर त्या दोन प्रयोगांचे पैसे नाहीत. म्हणजे तिसरा हिस्सा उत्पन्न एका सर्दीने गेले. मारिया कॅलाससारख्या गायिकेलाही हे चुकले नाही. २ जानेवारी १९५८ रोजी रोममध्ये इटलीच्या राष्ट्राध्यक्षांसमोर ‘नॉर्मा’ या ऑपेराचा पहिला अंक झाल्यावर गळ्याने साथ सोडली, तिने पुढे गायला नकार दिला आणि सगळीकडे तिची नाचक्की झाली.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीने मेट्रोपॉलिटन ऑपेरा बंद पडला तो सप्टेंबर २०२१ पर्यंत. आधी झालेले करार दैवी आपत्तीच्या कलमाखाली रद्द झाले. त्या दीड वर्षात असंख्य गायकांना शिकवण्यांनीच तारले, आणि तेही पडद्यावरून, जिथे ध्वनी उशिरा पोचतो आणि संगणकाची यंत्रणा लांबलेल्या स्वराला गोंगाट समजून दाबून टाकते.

आवाजालाही वय असते

पियानो सहाव्या वर्षी सुरू करता येतो. ऑपेराचा गळा सतरा-अठराव्या वर्षाआधी गंभीरपणे घडवू नये असे बहुतेक जाणकार मानतात. चार वर्षांची पदवी, दोन वर्षांची पदव्युत्तर तालीम, मग एखाद्या ऑपेरा गृहाच्या तरुण कलावंतांच्या योजनेत एक-दोन वर्षे, असे करता करता तिशी उजाडते. जर्मन संगीतकार वाग्नरच्या ऑपेरांतल्या भूमिकांना लागणारे भारी आवाज तर पस्तिशीनंतरच पिकतात. दुसऱ्या टोकाला, पन्नाशी-पंचावन्नीनंतर वरचे स्वर अवघड होत जातात आणि स्त्रियांच्या आवाजावर रजोनिवृत्तीचाही परिणाम होऊ शकतो. हिंदुस्थानी गायक सत्तरीत पट्टी उतरवून, विलंबित ख्यालात सगळा अनुभव ओतून मैफल मारतो. ऑपेरात तरुण नायिकेचा लिहिलेला उंच स्वर तिथेच असतो, म्हातारपणाला तो सवलत देत नाही.

म्हणजे भर कारकीर्दीची वर्षे वीस-पंचवीस धरली, तर माणसाच्या कामाच्या आयुष्याचा बराच काळ दोन्ही बाजूंना उरतो. तो काळ शिकवण्याने भरतो. इटलीतल्या मोडेना शहराच्या सोप्रानो मिरेला फ्रेनी यांनी हलक्या भूमिकांपासून सुरुवात करून आवाज पिकेल तसतशा भारदस्त भूमिका घेतल्या, घाई केली नाही, आणि उतारवयात मोडेनाजवळच्या व्हिन्योला गावी गायनाची शाळा काढून तरुणांना शिकवले. कोणती भूमिका कधी नाकारायची, हे त्यांच्यासारखे कोणी सांगितले तर विद्यार्थी ऐकतो.

‘जमले नाही म्हणून शिकवतात’ असे नव्हे का?

काही जणांच्या बाबतीत ते खरे आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. पण सरसकट तसे म्हणणे चुकीचे आहे, हे वरच्या नावांवरून दिसते. शिवाय शिकण्याची दिशा एकेरी नसते. प्रसिद्ध टेनर लुच्यानो पाव्हारोत्ती १९६५ साली सोप्रानो जोन सदरलँड यांच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात सहगायक होते. श्वासाचा आधार म्हणजे काय हे आपण त्यांच्या पोटाच्या स्नायूंवर हात ठेवून शिकलो, असे ते सांगत. सहकारीच शिक्षक झाला तो असा.

याची उलट बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. मोठा गायक हा मोठा गुरू असतोच असे नाही. ज्याला स्वर निसर्गतः सापडला, त्याला तो न सापडणाऱ्याची अडचण कळत नाही. तो ‘असे गा’ म्हणून स्वतः गाऊन दाखवतो आणि विद्यार्थी त्याची नक्कल करून स्वतःचा गळा बिघडवतो. उलट मातिल्द मार्केझी या गार्सियांच्या शिष्येने रंगमंच फारसा गाजवला नाही, पण पॅरिसमधल्या तिच्या वर्गातून नेली मेल्बा आणि एमा ईम्स यांच्यासारख्या गायिका बाहेर पडल्या. कॅलासने १९७१-७२ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्युलिअर्ड विद्यालयात जाहीर वर्ग घेतले. त्यांत एखाद्या ओळीचा भाव कसा उलगडावा याचे अनमोल धडे आहेत, पण वीस-तीस मिनिटांच्या अशा वर्गात गळा घडत नाही. तो घडतो आठवड्याच्या बंद खोलीतल्या तासाला, आणि कॅलासचा स्वतःचा गळाही अथेन्समध्ये एल्व्हिरा दे इदाल्गो या तिच्या बाईंपाशी तासन् तास बसूनच घडला.

शिकवून गायकाचा स्वतःचा आवाज थकत नाही का, असेही विचारतात. थकतो. दिवसभर बोलणे आणि परक्या जातीच्या आवाजात उदाहरणे देणे हे गाण्याहून घातक ठरू शकते. म्हणून शहाणे गायक-शिक्षक प्रयोगाच्या दिवशी शिकवत नाहीत आणि एरवीही गाऊन दाखवण्यापेक्षा नेमक्या शब्दांत सांगण्यावर भर देतात.

कामे कमी असताना इतके विद्यार्थी कशाला?

हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. संगीत महाविद्यालयांतून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या गायकांच्या मानाने ऑपेरा गृहांतल्या जागा अगदीच थोड्या आहेत, आणि अनुदाने कापली जात असताना त्या आणखी घटत आहेत. मग गायक-प्राध्यापक आपल्या पगारासाठी मुलांना खोटी आशा लावतात, असे कोणी म्हणाले तर ते साफ झटकून टाकता येणार नाही.

माझ्या मते यातला दोष शिकवण्याचा नसून लपवण्याचा आहे. ज्याने स्वतः पन्नास निवडचाचण्या देऊन नकार पचवले आहेत, त्याने ते दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मोकळेपणाने सांगितले पाहिजे: समूहगायनाची कायम नोकरी ही एकल भूमिकेइतकीच सन्मानाची आहे, चर्चमधले गायन आणि शाळेतले संगीत-शिक्षण ही खरी कामे आहेत, आणि तुझ्या आवाजाला ही भूमिका दहा वर्षे तरी झेपणार नाही. हे बोलण्याचा अधिकार मंचावर उभ्या राहिलेल्या माणसाला अधिक आहे, आणि म्हणूनच त्याची जबाबदारीही अधिक आहे.

मुंबई आणि गोव्यातल्या मुलांसाठी

आपल्याकडे ही कला अगदीच परकी नाही. पोर्तुगीज अमलात गोव्यातल्या गावोगावच्या चर्चशाळांत मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत, आणि मुंबईच्या चित्रपटसंगीतातील कितीतरी वादक त्या शाळांतून आले. सीलिया लोबो या सोप्रानोने १९६० च्या दशकात मुंबईत ऑपेराच्या प्रमुख भूमिका गायल्या आणि पुढे गायन शिकवले. गिरगावातले रॉयल ऑपेरा हाऊस, ज्याचे उद्घाटन १९११ साली पंचम जॉर्जच्या हस्ते झाले, ते दीर्घकाळ बंद राहून ऑक्टोबर २०१६ मध्ये पुन्हा उघडले, तेव्हा तिथे रोझारिओ गायल्या. मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा वाद्यवृंद उभा आहे.

तरीही मधली कडी कच्ची आहे. उत्तम आवाजाची मुले आहेत, परीक्षा मंडळांची प्रमाणपत्रे आहेत, पण दर आठवड्याला ऐकणारा तयार कान फार थोड्यांच्या वाट्याला येतो. रोझारिओ आणि त्यांचे पती, पियानोवादक मार्क ट्रूप, यांनी २००९ पासून ‘गिव्हिंग व्हॉइस टू इंडिया’ या उपक्रमातून हीच कडी जोडायला घेतली. लंडनमधून येऊन वर्षातून काही वेळा शिकवणे हे आठवड्याच्या तासाची जागा घेऊ शकत नाही, पण इथल्या मुलांना आपल्या आवाजाची जात कोणती हे वेळेत कळणे आणि इथल्या शिक्षकांनी ते काम पाहणे, याचे मोल मोठे आहे.

आपल्या मुलीला वा मुलाला अशा शिक्षकाकडे पाठवू पाहणाऱ्या पालकांनी पहिल्या भेटीत काही गोष्टी विचाराव्यात. शिक्षकाने स्वतः काय गायले आहे, याबरोबरच त्याचे पाच वर्षांपूर्वीचे विद्यार्थी आज काय गातात. सोळाव्या वर्षी तो भारी गीते देतो की साधी इटालियन गीते. आणि विद्यार्थ्याचा आवाज बसला तर तो तास रद्द करून कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवतो का. तासानंतर मुलाचा घसा वरचेवर दुखत असेल, तर शिक्षक कितीही नामवंत असला तरी तिथले शिक्षण थांबवावे.